सहा बोटांची हाजरी

नोटिशीला नारळ फोडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पाहून घ्या, ती मी. आता माझे दात पडलेत आणि थोडी अक्कल आली आहे. तेव्हा दात सगळे शाबूत होते.

शाळेतले मास्तर अंक काढतात. यंदा त्यांनी गळ घातली, की आजी, तुम्ही वसमतच्या जिनात उभी हयात काढली, बायांच्या मुकादम झालात, पहिल्यापासून सगळं लिहा. मी म्हटलं, पहिल्यापासून काय लिहू? यंत्राच्या तोंडाशी कापूस सारायचा, पलीकडून रुई निघते. दुसऱ्या दिवशीही तेच. लिहिण्यासारखं एकदाच झालं, ते लिहिते. त्यात माझी फजिती आहे आणि थोडी शेखीही आहे. फजिती जास्त वाटली तर शेखी वगळून वाचा. उलटं करू नका.

आता हिंगोली जिल्हा झाला. तेव्हा आम्ही परभणीत होतो आणि सगळेच निजामाच्या राज्यात. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. रांगेनं यंत्रं, एकेका यंत्रापुढं एकेक बाई. यंत्रात चामड्यानं मढवलेला रूळ फिरतो आणि त्याला चिकटून पातं असतं. बाईनं ओंजळ-ओंजळ कापूस रुळाशी द्यायचा, रूळ तो ओढून घेतो, पातं सरकी अडवतं. रूळ कापूस ओढतो तसा पदर ओढतो आणि बोटंही ओढतो. त्याला फरक कळत नाही. म्हणून त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी असायची. असायची म्हणजे असायला पाहिजे होती. जाळ्या गोदामात पडून असायच्या. जाळीतून कापूस सावकाश जातो, आणि सावकाश काम मुनीमजीला खपायचं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही खपायचं नाही. सगळ्यात चपळ हात माझा, ही माझी मिजास. पहिल्या हंगामात माझ्या यंत्राची जाळी काढून घ्या म्हणून मुनीमजीला सांगायला मीच गेले होते.

दिवाळीनंतर भोंगा सुरू व्हायचा, तो होळीच्या मागंपुढं बंद व्हायचा. पहिल्या दिवशी शेठ यंत्रापुढं नारळ फोडायचे आणि आम्ही बाया भिंतीवर हळदीचे पंजे उठवायचो. वसमतला हळदीचा काय तोटा. परातीत हळद कालवायची, तळहात बुडवायचा आणि फाटकातून आत आल्यावर जी समोरची भिंत, तिच्यावर ठेवायचा. लग्नघरी उठवतात तसे. पावसाळ्यात ते विरून जायचे, पुढच्या हंगामाला नवे. हंगाम सुखाचा जावा, हातपाय धड राहावेत, एवढंच मागणं.

त्याच भिंतीवर पंजांच्या वर एक चौकट टांगलेली होती. काचेआड कागद, कागदावर उर्दू अक्षरं. आमच्या चाळीस बायांत एकीलाही कोणतीच अक्षरं येत नव्हती, तर उर्दू कुठून यायची? आम्ही ओळखलं ते एवढंच, की ही अक्षरं दर्ग्याच्या दारावर असतात तसली आहेत, चौकट केलेली आहे आणि मुनीमजी तिच्यावरची धूळ स्वतः झाडतो. म्हणजे कोणत्या तरी पिराचं असणार. आमच्याकडं पिराला हात जोडायला जात लागत नाही. मी आत येताना चौकटीला बोट लावून कपाळाला लावायची. मग बाकीच्या लावायला लागल्या. मग काचेला हळद आली, गुरुवारी फूल आलं. एका हंगामात मला ताप आला तेव्हा मी नवस बोलले, उतरल्यावर चौकटीखाली नारळ फोडला आणि खोबरं साऱ्या जिनाला वाटलं. मुनीमजीनंही खाल्लं. काही बोलला नाही. त्याच्या दृष्टीनं ते बरंच होतं, कारण हळदीच्या थराखालचं एक अक्षरही आता कोणाला दिसत नव्हतं.

दर हंगामाला एकदा सरकारी इन्स्पेक्टर यायचा. तो येणार हे आम्हाला आधीच कळायचं, कारण गोदामातल्या जाळ्या बाहेर निघायच्या. पूर्णेकडून गाडीनं यायचा, चहा घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं जायचा. दुसऱ्या दिवशी जाळ्या परत गोदामात. त्या वर्षी मात्र नवा इन्स्पेक्टर आला. उंच, वाळका, काळी शेरवानी, डोळ्यांवर चष्मा. फाटकातून आत आला तो चौकटीपुढंच थांबला. बोटानं हळद खरवडली आणि विचारलं, हे कोणी केलं?

मुनीमजीनं माझ्याकडं बोट केलं. मी पुढं होऊन मोठ्या भक्तीनं सांगितलं, "मी केलं साहेब. लई कडक देवस्थान हाय. नवसाला पावतं."

साहेब हसला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला, काच पुसली आणि मुनीमजीला म्हणाला, "यंत्रं थांबवा." भर दिवसा यंत्रं थांबलेली आम्ही कधी ऐकली नव्हती. कान एकदम मोकळे झाले. मग त्यानं तो कागद एकेक ओळ वाचली आणि शेठच्या घराची रंगसफेदी करणाऱ्या आणि एरवी जिनात पडेल ते काम करणाऱ्या रसूलचाचाला मधे उभं करून मराठीत सांगायला लावलं.

तर आमचा पीर असा निघाला: लहान लेकरं कामाला लावायची नाहीत. दिवेलागणीनंतर बायांना ठेवायचं नाही. दुपारी विसावा द्यायचा. फिरत्या यंत्राला जाळी असलीच पाहिजे. कामावर आहे त्याचं नाव रजिस्टरात पाहिजे. भिंतींना नेमानं चुना दिला पाहिजे. खाली सरकारचा शिक्का.

बाया तोंडाला पदर लावून मला हसत होत्या. गया तर खालीच बसली हसून. गया माझी मैत्रीण, आखाडा बाळापूरची लेक, इथं वसमतला दिलेली. ती म्हणाली, "सुंदरे, तू तं कायद्याला नारळ फोडला की गं."

मी चिडले. पण रात्रभर त्या ओळी डोक्यात फिरल्या आणि सकाळी उठले ती सगळा कागद तोंडपाठ घेऊनच. वाचता येत नसणाऱ्याचं पाठांतर चांगलं असतं, त्याला दुसरा इलाज नसतो. त्या दिवसापासून मी जिनातली कायदेपंडित झाले. कोणी विचारो न विचारो, मी सांगायची. आणि आता माझी अक्कल बघा. एवढ्या कायद्यातून मी मुनीमजीकडं मागितलं काय? जाळी नाही, विसावा नाही. मी चुना मागितला. बाकीचं मागायला छाती लागते, चुना मागायला काय लागतं? येता-जाता म्हणायची, "मुनीमजी, भिंतीला चुना कधी? कायदा हाय." तो म्हणायचा, देऊ, देऊ. हंगाम संपला, दुसरा आला. चुना आला नाही, आणि साहेबाची पाठ वळताच जाळ्याही परत गोदामात गेल्या होत्या. मी त्याच्या मागं लागलेली ती लागलेलीच.

आता गयाची गोष्ट. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीला लागून आणखी एक इवलंसं, नखासकट. आमच्यात त्याला लक्ष्मीचं बोट म्हणतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिला पंजा तिचा असायचा, सगळ्यांच्या वर, चौकटीला लागून. मग बाकीच्यांचे. त्या वर्षीही तसंच झालं.

पण जिनाच्या रजिस्टरात गया नव्हती. ही आमच्या कामाची एक रीत होती, ती समजावून सांगते. प्रत्येक बाईला नंबराचा पितळी बिल्ला मिळायचा आणि रजिस्टरात तिचं नाव लागायचं. पण घरोघरचं तुम्हाला ठाऊकच आहे. एखादी बाळंतीण होते, एखादीला ताप येतो. तेव्हा त्याच बिल्ल्यावर तिची जाऊ यायची, सासू यायची, नणंद यायची. मुनीमजीला सगळं माहीत असायचं. तो म्हणायचा, बिल्ला आला ना, मग झालं. आम्हालाही ते सोयीचं होतं, कारण बिल्ला एकदा गेला की परत मिळत नसे. गयाच्या घरचा बिल्ला तिची मोठी जाऊ रुक्मिण हिच्या नावाचा. एरवी दोघी आलटून-पालटून यायच्या; त्या वर्षी रुक्मिणीला दिवस गेलेले, म्हणून पहिल्या दिवसापासून गयाच आली. आणि "तू ये, कोण बघतंय बिल्ल्यावरचं नाव" असं तिला म्हणणारी मीच होते. कायदेपंडित.

संक्रांतीच्या पुढं चार-आठ दिवसांची गोष्ट. ओला कापूस आला होता. ओला कापूस रुळाला चिकटतो, तो बोटानं मोकळा करावा लागतो. गयाचं यंत्र माझ्या शेजारीच. मला ओरडणं ऐकू आलं नाही, यंत्रांच्या आवाजात तसं काही ऐकू येत नाही. मला दिसलं ते रुईचं. पलीकडून पांढरी निघायची ती लाल निघाली.

त्यापुढचं लिहीत नाही. नांदेडच्या दवाखान्यात मधली तीन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, करंगळी राहिली आणि ते लक्ष्मीचं बोट राहिलं. दवाखान्यातून आल्यावर गया म्हणाली, "बघ, कामाची गेली, बिनकामाचं राहिलं."

जिनाचं म्हणणं काय, तर गया नावाची बाई आमच्याकडं कामावर नव्हतीच. रजिस्टर बघा. ती जावेची भाकर घेऊन आली आणि गंमत म्हणून यंत्रात हात घातला. आम्ही काय करणार? मुनीमजी हे बोलताना आमच्याकडं बघत नव्हता. एरवी तो वाईट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. गयाला दवाखान्यात न्यायला गाडी त्यानंच जुंपून दिली होती. पण शेठचा निरोप आला होता आणि त्यालाही घर होतं.

तहसील कचेरीबाहेर एक म्हातारे अर्जनवीस बसायचे, उर्दूत अर्ज लिहून द्यायचे. मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं. कामावर माणूस जायबंदी झाला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे, म्हणाले. माझी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, बिल्ला कोणाच्या नावाचा? मी सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, कागदावर एक अन् यंत्रावर दुसरी. मालक म्हणेल ही आमची नाहीच. ती तिथं काम करत होती, याला काही निशाणी आहे?"

"आमी चाळीस बाया सांगू की."

"सांगाल. ते म्हणतील एकीनं शिकवलं, चाळीस बोलल्या. बिल्ले जातील म्हणून निम्म्या बोलणारही नाहीत. निशाणी पाहिजे. जिनाच्या आतली."

तरी त्यांनी अर्ज लिहिला आणि धाडला. इन्स्पेक्टर हंगामाच्या पाहणीला येईल तेव्हा चौकशी करेल, म्हणाले. निशाणी मात्र शोधून ठेवा.

मी शोधली. काय शोधणार? गयाची भाकरीची फडकी, तिची पाण्याची लोटी. ते तर भाकर घेऊन आलेल्या बाईचंही असतं. आणि अशात एका संध्याकाळी सुटीच्या वेळी मुनीमजीनं मला हाक मारली. एरवी 'ए सुंदरे' म्हणणारा त्या दिवशी सुंदराबाई म्हणाला.

"सुंदराबाई, तुमचं ऐकलं बरं का. साहेब परवा येऊन राहिले. उद्या सकाळी भिंतीला चुना. कायदा म्हणजे कायदा."

मी घरी गेले ती जमिनीवर पाय न लावता. दोन हंगाम मागं लागून मी जिनाला कायदा पाळायला लावला होता. आईला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, आणि शेवटी गयाला सांगायला गेले. ती ओट्यावर हात मांडीत घेऊन बसली होती, रुक्मिण तिच्या केसांना तेल लावत होती. मी सगळी शेखी मिरवली. गया ऐकत राहिली.

मग म्हणाली, "माझा हात तेवढाच ऱ्हायला होता बाई धड, भितीवरला. तो बी जाऊन राहिला म्हण की."

रुक्मिणीचा तेलाचा हात थांबला. अर्जनवीस ज्याला जिनाच्या आतली निशाणी म्हणत होते, ती चौकटीला लागून सगळ्यांच्या वर होती, आणि मी, कायदेपंडित सुंदरा, तिच्यावर चुना फासा म्हणून दोन हंगाम कंठशोष करत होते. मुनीमजीला त्या पंजाची आठवण होती, की साहेब येणार म्हणून नुसती टापटीप, ते त्याचं त्याला ठाऊक. मी त्याला कधी विचारलं नाही. मला भीती होती, की तो म्हणेल तुमीच तं सांगितलं.

आता चुना थांबवायचा कसा? कायद्यानं थांबवता येत नव्हता, कायदाच चुना मागत होता. मुनीमजीला खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं रातोरातच काम उरकलं असतं. रुक्मिण मुळात मुकी बाई, महिन्यात चार शब्द बोलणारी. तीच म्हणाली, "तवा जे केलं तेच कर."

"काय केलं?"

"नारळ."

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी आम्ही आठ-दहा जणी फाटकाशी होतो. मी मलिदा केला होता, एकीनं ऊद आणला होता, एकीनं झेंडूची माळ. चौकीदार आमच्यातलाच, त्यानं आत सोडलं. गयाच्या पंजाखाली आम्ही निखारे ठेवले, ऊद टाकला, माळ घातली, मलिदा ठेवला आणि पदर घेऊन बसलो. खरं सांगते, बसले तेव्हा मनात नुसतं सोंग होतं. पण ऊदाचा धूर वर चढून त्या पिवळ्या सहा बोटांशी गेला आणि माझे हात आपोआप जुळले. मागच्या खेपेला मी काय पुजते ते मला माहीत नव्हतं. या खेपेला माहीत होतं.

रसूलचाचा चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आले. मागं मुनीमजी. चाचांचे हात बारमाही पांढरे, दाढीही पांढरी, त्यामुळं चुना कुठं संपतो आणि चाचा कुठं सुरू होतात ते कळायचं नाही. ते थांबले. धूर बघितला, पंजा बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"कोणाचा पंजा हाय गं बेटी?"

"सहा बोटाचा हाय, चाचा. कोणाचा असल?"

चाचांनी बोटं मोजली. त्यांना काय मोजायची गरज, दर हंगामाला ते पंजे उठताना बघत होते. त्यांनी बादली खाली ठेवली, खांद्यावरचं फडकं डोक्याला बांधलं आणि पंजापुढं क्षणभर मान लववली. मग मुनीमजीकडं वळून इतक्या अदबीनं बोलले, की मला हसू आवरेना.

"मुनीमजी, बाकी सगळी भित दुधासारखी करून देतो. पण ऊद लागलेल्या पंजावर माझा कुंचा न्हाई चलायचा. तुमाला चालत असल तर हा घ्या कुंचा, तुमी फिरवा."

कुंचा पुढं केला. त्यातून चुना ठिबकत होता. मुनीमजीनं कुंच्याकडं बघितलं, माळेकडं बघितलं, आमच्या आठ-दहा जणींच्या तोंडांकडं बघितलं. शेठचा निरोप एकीकडं आणि लोकांनी पुजलेल्या पंजावर चुना फासायचं पाप एकीकडं. त्याच्याही घरी लेकरंबाळं होती. तो म्हणाला, "तेवढं सोडून बाकीचं करा," आणि हिशेबाच्या खोलीत निघून गेला. जाता जाता चिमूटभर मलिदा घेऊन गेला, हे मी पाहिलं.

चाचांनी सगळी भिंत पांढरी केली. बाकीचे पंजे गेले, माझाही गेला. उरला एक, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पिवळाधमक. आधी तो चाळिसातला एक होता. आता फाटकातून आत येणाऱ्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. चुना मागितल्याचा एवढा एक फायदा झाला.

साहेब आला. तोच, चष्मेवाला. चौकटीपुढं थांबला. काच स्वच्छ होती, पण खाली माळ आणि राख. त्यानं कपाळाला हात लावला.

"फिर से? अब ये कौन बुजुर्ग हैं?"

मी म्हटलं, "गया हाय साहेब. फाटकाबाहेर बसली हाय. बुजुर्ग न्हाई, एकवीसची असल."

मुनीमजी घाईघाईनं सांगायला लागला, की ही ती भाकर घेऊन आलेली बाई, रजिस्टरात नाव नाही. साहेबानं त्याला हातानं थांबवलं आणि गयाला बोलावणं धाडलं. गया आली. हाताला पांढरी पट्टी. साहेबानं अर्ज वाचलेला होता, त्यानं फार काही विचारलं नाही. हा पंजा कधीचा, एवढंच विचारलं. चाचा म्हणाले, हंगामाच्या पहिल्या दिवसाचा, माझ्यासमोरचा. शेठनी नारळ फोडला त्या दिवसाचा. मग साहेबानं रजिस्टर मागवलं आणि त्या बिल्ल्याची बाई कोण म्हणून नाव पुकारलं.

आता मला धडकी भरली. रुक्मिणीच्या घरी आदल्या आठवड्यात शेठचा माणूस येऊन गेला होता. यंत्रावर मीच होते असा अंगठा दे, नाहीतर बिल्ला गेला, असं सांगून गेला होता. तिनं काय उत्तर दिलं, ते तिनं गयालाही सांगितलं नव्हतं. आणि ती तर बोलणारीच नव्हे.

रुक्मिण पुढं आली. एका काखेत तान्हं लेकरू. तिनं दुसरा हात साहेबापुढं उघडा धरला.

"माझी पाच हायत साहेब. भितीवर सहा हायत."

त्या महिन्याचे शब्द तिनं तिथं वापरले. साहेबानं भिंतीकडं बघितलं. मग गयाला म्हणाला, हात तिथं ठेव.

गयानं पट्टी सोडली. जखम भरत आली होती, कातडी अजून गुलाबी होती. तिनं हात वर केला आणि पंजावर ठेवला. तळवा बराबर बसला. अंगठा अंगठ्यावर बसला. करंगळी करंगळीवर, आणि ते इवलं बोट इवल्या बोटावर, असं, जसा साच्यात साचा. आणि मधली तीन बोटं भिंतीवर तशीच उघडी राहिली, पिवळी, वर आभाळाकडं.

यंत्रं चालू होती, त्यांचा आवाज येत होता. मुनीमजीनं आपला चष्मा काढला आणि धोतरानं पुसत राहिला. साहेबानं खाली बसून स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं. मग आम्हाला कळेल अशा सावकाश हिंदुस्तानीत सांगितलं, की कायदा बिल्ल्याला नाही, हाताला ओळखतो. यंत्र ज्याचं, त्यानं त्यावर गेलेल्या हाताचं उत्तर द्यायचं. नाव कोणाचंही असो.

पुढं कचेरीच्या चकरा झाल्या, तारखा झाल्या. शेठला दंड झाला आणि गयाला भरपाई मिळाली. हाताएवढी नाही. हाताएवढी भरपाई अजून कोणत्या कायद्यात निघाली असेल तर मास्तरांनी मला दाखवावी. पण तिचं नाव रजिस्टरात लागलं, आणि फाटकावर बिल्ले वाटायचं काम तिला मिळालं. ती बिल्ला हातात देताना प्रत्येकीचं तोंड बघायची आणि विचारायची, तूच का गं ही? खोटी असली की परत धाडायची, आणि खऱ्या नावानं लिहून आण म्हणून सांगायची. कितीजणींनी तिला शिव्या घातल्या. जाळ्या त्याच आठवड्यात यंत्रांना कायमच्या ठोकल्या गेल्या. काम मंद झालं म्हणून बाया कुरकुरल्या. सगळ्यात जास्त कुरकुर कोणाची, ते मी लिहीत नाही. पण त्यानंतर मी असेतो आमच्या जिनात रुई लाल निघाली नाही. त्याचं श्रेय कायद्याचं, साहेबाचं, चाचांचं आणि रुक्मिणीच्या त्या सात शब्दांचं. माझं तेवढं मलिद्याचं. मलिदा चांगला झाला होता.

बायांची मुकादम झाले तेव्हा पहिल्यांदा मी अक्षरं शिकले. रागानं शिकले. पुन्हा कोणत्या कागदाला कळल्याशिवाय हात जोडायचे नाहीत म्हणून. आता कळूनही कधीकधी जोडते.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. त्या दिवसांत रसूलचाचा आठवडाभर गयाच्या घरात आतल्या खोलीत लपून होते. त्यावर आम्ही पुढं कधी बोललो नाही, तेही नाही. मग चौकटीतला कागद मराठीत आला. नवा होता, लांब होता. मी तो साऱ्या बायांना वाचून दाखवला, यंत्रं थांबवून. मुनीमजी तेव्हा म्हातारा झाला होता.

चुना नेमानं लागत राहिला. चाचा दर हंगामाला भिंत दुधासारखी करायचे आणि त्या पंजाच्या कडेकडेनं कुंचा फिरवायचे, एक थेंब आत जाऊ न देता. हळद फिकी होत गेली की गयाच परात घेऊन येऊन ती भरायची. डाव्या हातानं, तीन बोटं सावकाश, बाकीची झटपट.

आणि पहिल्या दिवशी, नारळ फुटला की, ती आपला उजवा हात तिथं ठेवायची, मागं वळायची आणि रजिस्टर घेऊन उभ्या असलेल्या मुनीमजीला म्हणायची:

"मुनीमजी, माझी तीन बोटं अजून हितंच कामावर हायत. त्यांची बी हाजरी लावा."

तो मान खाली घालून लावल्यासारखं करायचा.